एक दात खाली

उद्यमनगरात, जिथं चहालाही भट्टीच्या राखेचा वास येतो,
दिलावर शिकलगारनं मला स्टँडवरच्या गाडीवर बसवलं.
"चालवताय तशा बसा, ताई. फोटोला बसल्यागत नको."

मी बसले.
तो उकिडवा, डोळे माझ्या पावलांच्या उंचीवर आणून
बराच वेळ गप्प.
टेलरसुद्धा एवढं बघत नाही.
"गेर टाका."
मी गुडघा उचलला, घोटा वळवला,
बोटं लिव्हरखाली कशीबशी सारली.
खट्.
"हे कुणाच्या पायाचं हाय?"

आप्पांच्या.
दहा नंबरचा पाय, वर लोखंडी टोकाचा बूट,
चौतीस वर्षं ओतकामाच्या शेडमध्ये उभा.
माझा पाच नंबरचा, पट्ट्याच्या सँडलमधला.
तीन वर्षं पहाटे चारला निघते,
वडणगे, केर्ली, पुढं आणखी दोन गावं,
डेअरीवरची फॅटची मशिनं तपासत.
आणि दुपारी ऑफिसचा जिना
एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत,
डावी नडगी शिव्या देत.
वाटायचं, गाडी म्हणजे असंच असतं.
आपण तिच्यापाशी जायचं,
ती थोडीच येते.

दहाचा पाना. बोल्ट गंजलेला.
आधी डिझेल, मग फडक्यानं पुसणं,
मग बोल्टच्या आईबापाची विचारपूस, आणि सुटला.
लिव्हर ओढून काढला तशी आतली दांडी दिसली,
बोटाएवढी, भोवती बारीक दात,
आणि तिच्या तोंडावर, एका दाताच्या नेमक्या समोर,
पंचनं मारलेली टिकली.

"खूण केलीया बघा. कुणीबी उघडू दे,
परत हितंच बसवायचा."
मी वाकून बघितलं.
घरात आप्पांचं अक्षर मी फारसं पाहिलेलं नाही,
रेशनकार्डावरची सही तेवढी.
हे मात्र त्यांचंच. एकच ठोका, तोही सरळ.

"एक दात खाली घेतो. जास्त न्हाई."
पुढची बाजू उतरली तशी मागची टाच वर आली.
"टाचेचं काय?"
"एकीकडं उतरवलं की दुसरीकडं चढणारच ओ."
मग उजवीकडं वळला.
ब्रेकचं पेडल उतरवलं, रॉडचा नट फिरवला,
बोटभर मोकळा खेळ ठेवला,
तर मागचा लाल दिवा विझेना.
त्याच्या स्विचशी आणखी पाव तास.
चहा गार झाला. तो तसाच प्यायला.

सायबर चौकापर्यंत जाऊन आले.
दोनदा पाय जुन्या जागी गेला,
तिथं नुसती हवा होती.
मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला.
"चुकतंय," मी म्हटलं.
"पाय चुकतोय, गाडी न्हाई. आठ दिस द्या त्याला."

मग पंच माझ्या हातात दिला, हातोडी दिली.
पहिला ठोका निसटला, ओरखडा पडला.
दुसरा बसला.
आप्पांची टिकली, माझी टिकली,
मध्ये एका दाताची जागा आणि माझा ओरखडा.
जुनी घासून टाकू का, असं त्यानं विचारलं नाही.
दीडशे रुपये घेतले.

दाराशी गाडी लावली तेव्हा आप्पा खिडकीत होते.
गेल्या श्रावणात उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं.
पण रस्त्यावर चढाला कुणाची गाडी कण्हायला लागली
की डावं पाऊल खुर्चीखाली अजून गेर पाडतं.
सकाळीच सांगून गेले होते, कुठं चाललेय ते.
"कि... ती?"
"एक दात, आप्पा. खाली."

काही बोलले नाहीत. बाहेर बघत राहिले.
मी सँडलचे पट्टे सोडायला वाकले
तेव्हा त्यांचं पाऊल दिसलं.
बोटं दुमडून ते
एक दात खाली जायला बघत होतं.
फरशी आड येत होती.