धुण्यापुरतं पाणी

झीलंड, फेब्रुवारी १९५३

क्राइन वेरहागे, पोलीस. आजवर त्यानं टिपल्या
चोरीच्या सायकली,
एकदा बर्फावरून घसरलेला दूधवाल्याचा ट्रक.

आता शाळेच्या व्यायामशाळेत
पाटीवर खडूनं आकडा,
आकड्याशेजारी चेहरा.
केसांतला चिखल तो आधी बोटांनी काढतो.
असं कुठल्या नियमात नाही.

बांध फुटून बेटभर समुद्र,
आणि फोटो धुवायला पाणी नाही.
खाऱ्यानं कागद डागाळतो.
होडीतून माणशी लिटरभर येतं,
त्यातलं आपल्या वाट्याचं
तो बायकोच्या केकच्या भांड्यात ओततो
आणि कोरड्या घशानं उभा राहतो
लाल दिव्याखाली.

सतरा नंबरचा चेहरा
कुणालाच ओळखू येईना.
त्यानं परत जाऊन पायमोजा टिपला,
टाचेवरचं रफू.

पीटरनेला फोटोवर वाकली.
“हिरवी लोकर संपली होती,” म्हणाली,
“शेवटचे चार टाके निळे.”

फोटो तर काळापांढरा.
वेरहागे उठला, मोजा बघून आला,
वहीत नाव लिहिलं. दोनदा स्पेलिंग विचारून.

मग म्हणाला,
प्यायला आहे का
कुणाकडे थोडं.