सतरा नंबरचा दात

शुक्रवारी पहाटे महामार्ग स्टँडवर
मालवणच्या गाडीतून थर्मोकोलचा डबा उतरतो.
झाकणावर केळुसकरांचं अक्षर :
मासळी नाही. उघडू नये.
कंडक्टर विचारतो, मग आहे काय?
मी म्हणते, दात.

शरणपूर रोडला आमची पॅथॉलॉजी.
दिवसभर माणसांच्या गाठी,
कुणाची थायरॉइड, कुणाचं गर्भाशय,
मेणात बसवायचं, कापायचं, रंगवायचं.
सातला शटर अर्धं खाली ओढते
आणि भुलगा काढते.

मी तो जिवंत पाहिलेला नाही.
डॉक्टर खेर सांगतात : करडा, पाठीवर पर नाही,
डॉल्फिनसारखा उड्या मारत नाही, हसरं तोंडही नाही.
वर येतो तो श्वासापुरता,
उधारी मागायला आल्यासारखा,
दारातूनच परत.
दोन तास होडीत बसलं
तर चार सेकंद पाठ.

दात माझ्या करंगळीच्या नखाहून लहान,
फावड्यासारखा चपटा.
आम्लात मऊ होऊ द्यायचा, गोठवायचा,
पंचवीस मायक्रॉनचा काप, निळा रंग.
भिंगाखाली रेघा उमटतात :
पहिली जन्माची,
पुढे वर्षाला एक.

नियम असा की तीनदा मोजायचं,
मध्ये आठवडा जाऊ द्यायचा,
नर की मादी, लांबी किती, कुठे सापडला,
सगळ्यावर चिकटपट्टी.
सतरा नंबरला मी आधी चार म्हटलं.
मग पाच.
मग चार, आणि कडेला एक अशी
जिला रेघ म्हणावं की माझे दमलेले डोळे.
खेरबाई फोनवर म्हणाल्या,
फिलोमिना, अर्धी दिसली तर अर्धी लिही,
पण पेनानं लिही.

साडेचार लिहिलं. पट्टी काढली.
मादी. जाळ्यात. बुडून.

पाण्यात राहणारं पाण्यात बुडतं
हे माझ्या डोक्यात शिरायला महिना लागला होता.
श्वास वर, जाळं खाली,
मधे फक्त काही मिनिटं.
पोटात माकूळ, कोळंबी,
चार सेंटीमीटर नायलॉन.
यकृतातल्या पाऱ्याचा अहवाल यायचाय.
आणि एक पिल्लू, पूर्ण वाढीचं.
त्याचाही दात पाठवला होता वेगळ्या कुपीत.
मी तोही कापला, रंगवला.
जन्माची रेघ नव्हती.
रकान्यात शून्य भरायचं की रेघ मारायची
हे विचारायला त्या दिवशी फोन लागला नाही.

डब्याच्या तळाशी केळुसकरांची चिठ्ठी, पाण्यानं फुगलेली :
जाळं माझंच होतं. तसं लिहून ठेवा.

मेव्हणे मोझेस दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीवर असतात.
त्यांना मी मोबाइलवर भुलग्याचा आवाज ऐकवला.
खरा तर माणसाच्या कानाला लागतच नाही, इतका बारीक.
चाळीसपट सावकाश केला की
टक टक टक टक.
ते म्हणाले, ही तर आमची कात्री.
ऑक्टोबरात चाळीस माणसं एका बागेत.
मी म्हटलं, हा एकटाच असतो,
अंधारात मासा शोधतो टकटक करत,
आणि बारीक दोऱ्याचं जाळं
त्याला बहुधा वेळेत ऐकू येत नाही.
बहुधा हा शब्द खेरबाईंचा.
त्या तो प्रत्येक वाक्यात घालतात,
आधी मला राग यायचा.

आनंदवलीच्या पुलावरून घरी जाते.
खाली गोदावरी, तिचं तोंड पूर्वेला.
मालवणचा समुद्र तिच्या पाठीमागे,
माझ्या हातांना मात्र त्याचाच वास,
लिंबू लावा, साबण लावा.
धाकटी म्हणते, मम्मी, आज पण समुद्र?
आज पण.

पुढच्या शुक्रवारी कंडक्टरनं डबा स्वतःच उतरवला,
दोन्ही हातांनी, सांभाळून.
दात ना?
नाही, म्हटलं. या वेळी कान.