हजेरीपट

उद्यमबागेत तीस वर्षं मी ओतकाम तपासलं.
व्हर्निअरच्या जबड्यात एकेका पंपाची कड धरून
म्हणत आलो : पास. पास. परत भट्टीत.
रिटायर झाल्यावर हाताला काहीतरी मोजायला हवं होतं.

कॅम्पाच्या मागं नऊ होलचं मैदान आहे आमचं.
ग्रीन म्हणायचं ते फक्त कार्डावर. होलभोवती
तेल घालून दाबलेली तांबूस वाळू,
तिला आम्ही ब्राऊन म्हणतो.
पट मारला की चेंडूमागं रेघ उरते,
गोगलगाय गेल्यासारखी,
आणि भरमाणी गोणपाट ओढून ती पुसून टाकतो.
पुढच्याला कोरी वाळू मिळावी म्हणून.

पुसायच्या आधी मी लिहून घेतो.
दोनशेपानी वही, समास आखलेला.
किती पावलं. चढ की उतार.
डावीकडून गेला की उजवीकडून.
पोचला, की अलीकडंच बसला.
(माझं एक पाऊल अडीच फूट. घरी व्हरांड्यात
टेप लावून खात्री केली. बायको बघत होती,
काही बोलली नाही.)

नागपंचमी ते संक्रांत : बावन्न फेऱ्या.
फेरीला पट एकवीसवरून साडेएकोणीस.
सहा फुटांवरचे ऐंशी, गेले तेवीस,
आणि चुकलेल्या सत्तावन्नातले
एकेचाळीस
होलच्या अलीकडं थांबले,
उंबऱ्याशी आलेल्या पाहुण्यासारखे,
चपला काढाव्यात की नाही ते ठरत नसलेले.

हे शोधायला मला सहा महिने लागले.
भरमाणीला सांगितलं तर म्हणाला,
"पहिल्या दिवसापासनं बघतोय की मी.
तुमी भिताय, साहेब.
खरं तुमास्नी सांगायचं कसं?"

तिथंच थांबला असता तर बरं.
गोणपाट खांद्यावर टाकून त्यानं खिसा उलटा केला.
खडे. जांभ्याचे, चिंचोक्याएवढे.
"डॉक्टर अंगडी 'इरली, इरली' म्हणत्यात
आणि तुमी चेंडू उचलताय,
तवा तवा एक टाकतो मी खिशात.
तुमच्या वहीत ते गेलेले हायत.
माझ्याकडं नुसते हायत."

इरली म्हणजे राहू द्या, असू द्या.
दोन फुटांवरचा चेंडू, त्यात कोण चुकणार,
मित्रानं मित्राला सोडलेली चिल्लर.
मीही सोडतो त्यांना.
ते कन्नडमधून देतात, मी मराठीतून,
आणि दोघांच्याही कार्डावर आकडा चांगला पडतो.

मोजले. चव्वेचाळीस.

दुसऱ्या दिवशी, डॉक्टर यायच्या आत,
हिंडलग्याकडचं धुकं अजून मैदानात बसलेलं असताना
चौथ्या ब्राऊनवर दोन फुटांचं वर्तुळ आखलं
आणि एकेका खड्याची फेड करत उभा राहिलो.
पहिले अकरा गेले.
बारावा कडेवर फिरून बाहेर आला,
जणू आत कुणी दिसलं आणि नको वाटलं.
भरमाणीनं गोणपाट ओढलं. पुढचा.
ओढलं. पुढचा.
चव्वेचाळीसातले नऊ राहिले.
नऊ!
असा लॉट मी दारातूनच परत पाठवला असता.

वहीत नवा रकाना आखलाय, त्याला नाव सुचत नाही.
'माफ' लिहिलं, खोडलं.
'उधार' लिहिलं, ते जरा जड वाटलं.
आता नुसतंच 'इ.' ठेवलंय.
वाचणाऱ्याला वाटेल, इत्यादी.

डॉक्टर आले. मफलर, थर्मास, नेहमीचं सगळं.
पहिल्याच होलला माझा चेंडू हातभर अलीकडं.
"इरली," ते म्हणाले.
मी वाकलो,
उचलायला की नेम बघायला
मलाच अजून ठाऊक नव्हतं,
आणि मागं भरमाणीचा हात
खिशापाशी.