येते

ऐरोली, सेक्टर आठ, तिसरा मजला.
तुझी आई महापेला रात्रपाळीत, दिवसा झोपलेली.
तू दिवसभर माझ्याजवळ,
म्हणून तुझं पहिलं अख्खं वाक्य
माझ्याच मापाचं निघालं,
माझा सदरा घातल्यासारखं, बाह्या लोंबणारं:
'मी पाणी पितो.'

पाटणकर काकूंनी लिफ्टमध्येच शिकवणी घेतली.
पितो नाही गं राणी, पिते. म्हण बघू, पिते.
तू त्यांना नीट निरखलंस.
'तू पिते. मी पितो.'
काकू त्यांच्या मजल्याआधीच उतरल्या.

पाळणाघरातल्या तळेरकर मावशी मालवणच्या.
त्यांच्या 'मी जातंय'मध्ये
शोधून बाई सापडत नाही, बुवाही नाही.
महिनाभर तू तेच पांघरलंस.

गॅसच्या वहीच्या मागच्या पानावर
मी तारखा टाकत गेलो.
नऊ ऑगस्ट: 'मी करलं.'
आदल्या आठवड्यापर्यंत तू 'केलं' म्हणायचीस,
पोपटासारखं, स्वच्छ.
मग तुला कुठूनसा नियम सापडला.
बसलं, उठलं, पडलं,
तर करलं का नाही?
मला उत्तर सुचेना.
भाषेनं कधीकाळी घातलेला घोळ
आम्ही मोठी माणसं पाठ करून बसलो होतो,
इतकंच.

युट्रेक्टहून मंजिरीचा व्हिडिओ कॉल.
तिचा विहंग तुझ्याहून दोन महिन्यांनी लहान,
बापाकडून डच, आईकडून थोडं आपलं.
'पापा फीत्स पाकन,' तो म्हणाला.
म्हणजे, पापा सायकल घेणे.
क्रियापद शेवटाला, ताग्यातल्या कापडासारखं,
अजून काळ बेतलेला नाही, माणूस बेतलेला नाही.
मी म्हटलं, अगं, हा तर आपल्याच रांगेत उभा आहे!
'थोडे दिवस,' मंजिरी म्हणाली,
'मग ते उठून पुढं जातं, दुसऱ्या जागेवर.'
दिवाळीच्या कॉलपर्यंत गेलं होतं:
'पापा पाक्त द फीत्स.'
मी टाळ्या वाजवल्या
आणि उगीचच वाटलं,
ओळखीचं कुणीतरी गाव सोडून गेलं.

डिसेंबरात खाडीवर रोहित आले.
हॉर्न वाजला, सगळा थवा उठला.
'उडले!' तू ओरडलीस.
'उडाले' माझ्या ओठांवर होतं.
तिथंच ठेवलं.

मग शाळा. व्हॅन.
सोमवारी पायरीवर चढून,
गळ्यात बाटली, एक मोजा खाली घसरलेला,
तू वळून म्हणालीस,
'बाबा, मी येते.'

जिना चढताना मी ते तपासत होतो.
प्रथम पुरुष, एकवचन, स्त्रीलिंग.
टाका कुठं उसवलेला नाही.
शिवाय, निघताना जाते म्हणायचं नसतं
हे तुला कुणी सांगितलं?
मी तर शिकवलं नव्हतं.
काकूंचा धडा तू लिफ्टमध्येच परत केला होतास.

वही उघडली, तारीख टाकली, आणि मग आठवलं.
रोज रात्री पावणेनऊला
दारात एक पाय चपलेत घालून
तुझी आई एकच शब्द टाकून निघते.
तू अर्धवट झोपेत असतेस,
निदान मला तसं वाटायचं.

आतल्या खोलीत पंखा फिरत होता.
तिला उठवून सांगावं असं फार वाटलं.
तिला झोपून जेमतेम दीड तास झाला होता.