रकाना अकरा

रकाना अकरा : मूळ राज्य.
इथे माझं पेन थांबतं
आणि मागची रांग खोकते.

रावेर सोडलं की डुलकी लागायच्या आत हद्द येते.
मामा बऱ्हाणपूरला, म्हणजे आतला.
आई त्याची सख्खी बहीण, लग्न करून बाहेरची.
केळीचे ट्रक रोज रात्री इंदूरच्या मंडीत येतात,
त्यांना कुणी विचारत नाही
बारावी कुठल्या बोर्डातून केली.

"बाहेरच्यांसाठी दोनच आहेत," खिडकीतल्या मुळ्येबाई म्हणतात,
"एक मेरिटवाली, ती तर गेली, बेटा.
दुसरी त्या पाइपवाल्या शेठच्या आईच्या नावाची.
तिला निबंध लागतो."
आडनाव मुळ्ये, काम मूळ निवास तपासायचं.
डब्यात पोळीवर जीरावन भुरभुरलेलं.

पहिल्याच सत्रात शिकवलं होतं :
जो खर्च होऊन गेला
तो पुढच्या निर्णयात धरायचा नाही.
मी धरते.
आईची पोस्टातली आरडी धरते,
मुदतीच्या चार महिने आधी मोडलेली,
भंवरकुआच्या खोलीतली तिघींमधली एक खिडकी धरते,
आणि पप्पांचा हिशोबही.

पप्पा वजनकाट्यावर असतात.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, उरला तो माल.
निबंधाचा विषय होता 'उद्योगातून समाजसेवा'.
रात्री दोनपर्यंत मी भलतंच लिहीत बसले :
माणसातून राज्य वजा केलं
तर काट्यावर किती उरतं?
आधी रिकामं तोलावं लागेल.
ते कुणी तोललंय?

सकाळी खोडलं. समाजसेवेवरच लिहिलं.
सहाशे शब्द, शेठच्या आईला आवडतील असे.

बाई कागद उलटतात, चष्मा वर करतात.
"हा रकाना मीपण भरून बसलेली आहे. पुण्यात, सत्त्याऐंशी साली.
चार पिढ्या इंदुरात, तर तिथे बाहेरची.
आणि मराठी ऐकून मुली हसायच्या, ते वेगळंच."
"मग मिळाली?"
"काय? स्कॉलरशिप?"
त्या शिक्का शाईवर दाबतात, पुन्हा दाबतात.
"वापस आले ना मी."

रांग पुन्हा खोकते.
मी लिहिते : महाराष्ट्र.
अक्षर जरा मोठंच येतं, रकान्याबाहेर जातं.

निकाल पुढच्या महिन्यात, म्हणतात, किंवा त्याच्या पुढच्या.
बाई पावती फाडून देतात,
डावीकडून, पट्टी न लावता,
अगदी पप्पा फाडतात तशी.