पिवळा किती सेकंद

फोटोतली स्कूटर माझीच आहे, साहेब.
मागं बांधलेला पाच किलोचा काटाही माझाच.
दिवा लाल आहे, तेही मान्य.
मी तवनाप्पा मगदूम, गणपती पेठेत
एकतीस वर्षं काटे दुरुस्त करतो,
खोटं माप मला झोपू देत नाही.

पण लाल व्हायच्या आधी
पिवळा किती सेकंद होता?
हळदीच्या या गावात
पिवळ्याचा हिशेब कुणाकडंच नाही?

माझ्याकडच्या प्रत्येक वजनाच्या बुडाला
शिसं भरलेलं असतं, शिशावर वर्षाचा शिक्का.
शिक्का जुना निघाला
तर वजनमापवाले दंडाची पावती फाडतात,
आणि मी ती भरतो, मुकाट.
विश्रामबागच्या खांबावर ते यंत्र बसलंय
त्याचं बूड कुणी उलटून बघितलंय?

टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या,
आजोबा, लोकअदालत आहे,
अर्ध्यात मिटवा. पाचशेचे अडीचशे.
मागं रांग होती.
हेल्मेट पोटाशी धरून एक पोरगं हसलं.

अर्धं कसलं?
चुकलो असेन तर पुरते घ्या,
नसेन तर चार आणेसुद्धा नाही.
अर्ध्यावर काटा थांबतो
तेव्हा तो बिघडलेला असतो, बाई.
पुढची तारीख द्या.

रात्री दुकान बंद करून त्याच चौकात आलो.
कुत्रंसुद्धा नव्हतं.
दिवा पिवळा झाला. ब्रेक दाबला,
मोठ्यानं मोजलं,
एक, दोन,
लाल.

नीट मोजलं का मी?
हिरवा आला, गेला.
मी तिथंच, रेघेच्या अलीकडं,
पुढच्या पिवळ्याची वाट बघत.