सहाशे चाळीस

दिवसभर मी रक्त मोजते.
दांडिया बाजारातली लॅब, डोक्यावर किरकिरता पंखा,
काचेच्या पट्टीवर शंभर पांढऱ्या पेशी
आणि बोटाखाली टकटक करणारं यंत्र.
शंभर झाल्या की सांगायचं
माणूस कसा आहे ते. एका थेंबावरून.
सर म्हणतात, शंभर म्हणजे काहीच नाही गं,
शंका आली तर पुन्हा मोज.

सातमच्या रात्री आमच्या पोळात चूल पेटत नाही.
कोकिळाबेनच्या ओट्यावर गार थेपले, दही,
आणि दोन कॅट एकत्र पिसलेले.
डाव एकवीसचा. नियम तिच्या सासूचे:
सतरावर बरोबरी झाली तर पैसे तिचे,
पाच पानं घेऊनही एकवीसच्या आत राहिलात तर दुप्पट,
पाच रुपयांखाली कोणी लावायचं नाही,
"आ कंई मंदिर नथी."

माझ्याकडे सहाशे चाळीस.
भिशीतले उरलेले, सुपारीच्या डब्यातले.
गॅसचे नाहीत, ईशानच्या फीचे नाहीत.
हे पहिलं गणित. बाकीची यानंतर.

दुर्री ते छक्की गेली की एक वर,
दश्शी, चित्रं, एक्का गेला की एक खाली.
सत्ती, अठ्ठी, नव्वी म्हणजे लग्नातल्या लांबच्या वहिन्या,
आल्या काय, गेल्या काय.
मग जे येईल त्याला उरलेल्या कॅटांनी भागायचं.
सहा म्हणजे सहा नव्हे:
दीड कॅट हातात असेल तर चारच.

शेजारी भरतभाई हरले की दुप्पट लावतात.
पाच, दहा, वीस, चाळीस, ऐंशी.
"एकदा जिंकलो की सगळं परत," म्हणतात,
आणि बायकोकडे बघत नाहीत.
एकशेसाठ लावायची वेळ आली
तेव्हा त्यांना स्कूटरमधलं पेट्रोल आठवलं.

मी पाच लावते. पाच. पाच.
दहा वाजता सहाशे पाच.
अकराला पाचशे वीस, काहीही चूक न करता.
हे कोणी सांगत नाही,
की बरोबर खेळूनही डबा हलका होतो,
आणि तो हलका होताना
चूक केल्यासारखाच आवाज येतो.

साडेअकराला बारीक पानांची रांगच लागली.
तिर्री, पंजी, चव्वी, पुन्हा तिर्री.
मोजणी सहा, हातात एकच कॅट.
सगळे राजे आत, गुलाम आत,
एक्के आत बसून वाट बघणारे.
शंभरात दोनाने मी पुढे,
आयुष्यात पहिल्यांदा.

पाचशे वीसचे दोन टक्के, दहा रुपये चाळीस पैसे.
आणि गणित सांगेल त्याच्या अर्धं लावायचं,
कारण गणिताला सकाळी दूध आणायचं नसतं.
म्हणजे पाच.

रात्रभर डोकं तापवून
ज्या क्षणाची वाट पाहिली
त्या क्षणी मला तेवढेच लावायचे होते
जेवढे मोजणी न येणारी रंजनमामी लावत होती.

मी चाळीस ठेवले.

कोकिळाबेनने नोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
तीस वर्षं रेशनचं दुकान चालवलेली बाई.
उरलेला कॅट तिने उचलला,
पडलेल्या पानांत मिसळला
आणि सावकाश, बांगड्या वाजवत, पिसायला घेतला.

"तारा होठ हाले छे," म्हणाली.
आणि माझ्या पुढ्यात एक थेपला ठेवला,
आंबटचिंबट लोणच्यासकट.

चाळीसातले पस्तीस मी परत घेतले.
कोणी हरकत घेतली नाही.

आज आठम. बारानंतर, पाळणा हलवून झाला
की ओट्यावर पुन्हा चटई.
डब्यात पाचशे पाच.
लॅबमध्ये दुपारभर तोंड मिटून पेशी मोजून बघितल्या,
दोनदा चुकले.
आता येताना मूठभर बडीशेप घेतली आहे,
गालात धरायला.